ओनोराच्या पत्रातल्या दोन ओळी

पोरांनो, दार लोटून घ्या, पण कडी घालू नका. आजच्या रात्री घालत नाहीत.

ही गोष्ट आपल्या फिंटन टिअर्ननची. त्याने स्वतः सांगितलेली, आणि तो काही उगाच बोलणारा माणूस नव्हे.

गेल्या सालची नोव्हेंबरची दोन तारीख, रविवार. गेलेल्यांची रात्र. अंधार पडायच्या आत फिंटन दुकानात सुतळी आणायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्लिनहून संग्रहालयाची बाई यायची होती, घरातली पत्रं न्यायला. चार पिढ्यांची पत्रं, सगळी बोस्टनहून आलेली.

"देऊन टाकतोयस शेवटी?" दुकानातली असम्प्टा म्हणाली.

"माझ्यामागे कोण वाचणार? कुत्रा?"

"कुत्रा तरी पाळायचास. बायको तर जमली नाही तुला."

"तू रिकामी नव्हतीस ना."

"म्हातारड्या, आधी चष्मा पूस," म्हणून ती हसली.

घरी येऊन त्याने चूल पेटती ठेवली, दाराची कडी काढली, खुर्च्या चुलीभोवती मांडल्या. गेलेली माणसं या रात्री ऊब घ्यायला येतात, म्हणून दरवर्षीचं. जिवंत बसणारा आता तो एकटाच. त्याने पत्रं काढली आणि शेवटचं म्हणून मोठ्याने वाचायला घेतली. त्या घरात पत्र मनात वाचायची पद्धतच नव्हती. अमेरिकेचं पत्र आलं की शेजारपाजार जमायचा. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि वाचणाऱ्याने दुखेल ती ओळ गाळायची.

साडेअकराला ओनोराचं शेवटचं पत्र हाती आलं. ओनोरा म्हणजे त्याच्या आजोबांची बहीण. सतराव्या वर्षी बोस्टनला गेली, चाळीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली. हे पत्र वाचताना वडील एका जागी खोकायचे आणि पान उलटायचे. फिंटनही तसाच खोकत आला होता. ते पत्र आलं तेव्हा घरात नऊ माणसं होती, जागा नव्हती. आजोबांनी उत्तर धाडलंच नाही. उद्या पत्र गेलं की ते उत्तर कायमचंच राहून जाणार होतं.

त्या रात्री तो खोकला नाही.

"दादा, डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. घरात माझ्यापुरतं एक अंथरूण आहे का? असलं तर मरायला घरी येईन."



चुलीतली पीटची, दलदलीतल्या जळाऊ मातीची, ढेप ढासळली. बाहेर वारा नव्हता... तरी दार हललं. जरासंच. मग थांबलं... कोणी 'ये' म्हणायची वाट बघावी तसं.

फिंटनने मान वळवली नाही. पायाशी थंडी आली. ओली. तिथेच राहिली...

"आहे," तो म्हणाला. "वरची खोली आहे, आत्याआजी. तुझीच आहे."



मग जिना वाजला. एक पायरी. थांबणं. दुसरी. दमलेल्या माणसाची.

तो उजाडेपर्यंत खुर्चीतच होता.

सकाळी संग्रहालयाची बाई आली. फिंटन तिला म्हणाला, "जरा वर येता का माझ्याबरोबर? एकट्याला धीर होत नाही."

आई गेल्यापासून ती खोली बंद होती. एकवीस वर्षं. गादीवर लहानसा खळगा होता, कुशीवर निजलेल्या बाईमाणसाएवढा. पांघरूण एका अंगाला सारलेलं.

बाईने खळग्यावर हात ठेवला.

"पाहुणं आत्ताच उठलं का?" तिने विचारलं. "अजून ऊब आहे."