टिंबांच्या मागे सुगंधा

जवळ सरक गं एल्सा, दिवा तुझ्याकडे घे. घाबरलीस की तुझं तोंड कसं होतं, ते बघायचंय मला.

नव्याण्णवच्या शिमग्यानंतरची गोष्ट. नातू स्वप्नीलनं मीरा रोडला गाळ्यात कम्प्युटर मांडून लग्नं जुळवायची वेबसाइट काढलेली. तिच्यावरच माझ्या नातीला, रसिकाला स्थळ मिळालं, सुभाष. तिथंच हाटकेश भागात त्याचं पत्र्याचे डबे करायचं युनिट. पहिली बायको वारलेली. रविवारी सुपारी फुटायची होती.

संध्याकाळी स्वप्नीलचा डबा घेऊन गेले, तर सुभाष तिथंच बसलेला. पडद्यावर त्याचं नाव. खाली, ‘पहिली पत्नी सुगंधा अपघाताने...’

“पुढचं कुठाय रे?”

“अक्षरं जास्त झाली की प्रोग्राम छाटतो, आजी. शेवटी तीन टिंबं टाकतो.”

“छाटलेलं जातं कुठं?”

“कुठं नाय जात. आतच असतं. दिसत नाही फक्त.”

“म्हणजे भुतासारखंच की!” मी खिदळले. सुभाष काही हसला नाही. मग तर मला चेवच आला. काचेवर टकटक केलं. “अगं सुगंधा, ये बाहेर! नवरा बोहल्यावर चढतोय.”

“आजी, पुरे ना...” स्वप्नील म्हणाला.

पंखा थांबला. दिवे गेले. पडदा तेवढा उजळ राहिला... आणि घासलेटचा वास आला. हळूहळू, गाळाभर. स्वप्नीलचे हात मांडीवर होते, मी बघितलं ना! तरी टिंबं पुढं सरकली आणि त्यांच्या मागून एकेक अक्षर उमटत गेलं. मी बोट लावून वाचलं.

‘अपघाताने नाही. कडी बाहेरून होती.’

सुभाष ताडकन उठला. “खोटंय! मी कडी लावली ती फक्त...”

तिथंच आवाज तुटला. ओठ हलतायत, गळ्याच्या शिरा ताणल्यात, आवाज नाही. पुन्हा सुरुवात. “मी कडी लावली ती फक्त...” पुन्हा तिथंच.

दिवे आले, तर त्याच्या ओठाखाली तीन डाग. काळे, गोल. पेटती काडी टेकवून विझवावी, तसे.

सुपारी फुटलीच नाही. रसिका वाचली बघ माझी.

सुभाषला आता वाणी विचारो, कंडक्टर विचारो, तोंडातून तेवढंच निघतं. परवा घोडबंदरच्या स्टॉपवर दिसला. मी म्हटलं, “काय जावईबापू, बरं चाललंय ना?”

“मी कडी...”

बोलणं आणखी आखूड झालंय. आणि डाग वाढलेत. ओळीनं, गळ्यावरून खाली... छातीकडं चाललेत.