ब्रेकवरचा पाय

दार लोटून घ्या आधी. गोष्ट माझ्या साडूची आहे, आणि तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. म्हणजे, एकदाच बोलला होता.

तो गाड्या दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी, चौदा नोव्हेंबरच्या रात्री पावणेबाराला, एका शिक्षिकेची ऑटोमॅटिक गाडी घेऊन तो बायपासला लागला. साठच्या वेगाला गाडी थरथरते, ही तक्रार. दिवसा गर्दीत सलग साठ धरता येत नाही, म्हणून ही रात्रीची फेरी.

अशीच थरथरणारी गाडी पूर्वी एकदा आली होती. तेव्हा त्याचे वस्ताद होते. त्याला पाना धरायला शिकवलं ते त्यांनीच. ते म्हणाले, "गिअरबॉक्स उघडू नकोस. दोष टॉर्क कन्व्हर्टरचा आहे." म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, तेलानं भरलेला बंद डबा. साडूनं हट्टानं गिअरबॉक्सच उघडला. आत काही निघालं नाही. मालक भडकला, तसा साडू बोलून गेला, "वस्तादांनीच उघडायला सांगितलं."

वस्ताद समोरच उभे होते. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि निघून गेले. पुन्हा कुठल्याच गॅरेजची पायरी चढले नाहीत. सहा महिन्यांत वारले. साडू शेवटचं बघायलाही गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

तर, बायपास. काटा साठवर आला आणि थरथर सुरू झाली. अशा वेळी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. थरथर थांबली, तर दोष कन्व्हर्टरचा. ही वस्तादांचीच शिकवण. पण त्यानं पाय उचलायच्या आत...

ब्रेकचं पेडल खाली गेलं. हलकेच. थरथर थांबली.

पेडल वर आलं. थरथर.

पुन्हा खाली. थांबली.

त्याचा डावा पाय... जागचा हललाच नव्हता.

"वस्ताद," तो म्हणाला, "तुमचंच बरोबर होतं. मी... त्या मालकाला सांगतो."

त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"चुकलो."

पेडल तळाला टेकलं. गाडी रस्त्यात मधोमध उभी राहिली. शेजारची सीट रिकामी. बराच वेळ... पेडल वर आलं नाही.

सकाळी त्यानं कन्व्हर्टर उतरवून लेथवाल्याकडे नेला. डब्याचा वेल्डिंगचा जोड कारखान्यातलाच, अखंड. लेथवाल्यानं तो कापला, तेल ओतून दिलं, आत बघितलं.

"हा आधी कोणी उघडला होता?"

आतल्या पत्र्यावर, खराब मालावर वस्ताद मारायचे तशी, खडूची फुली होती.

कोरडी.