पानांवर नाव नको

बसा. कोट त्या स्टोव्हजवळच्या खुंटीला अडकवा, तासाभरात वाळेल. वीज काही आता लवकर येत नाही. सुपीरियर तळ्यावरून वारा सुटला की आमच्या या किनाऱ्यावर सगळ्यात आधी विजेच्या तारा पडतात, म्हणून हा कंदील मी दुपारी तीनलाच पुसून ठेवतो. चारला अंधार पडतोच. कॉफी घ्या.

तर तुम्हाला कथास्पर्धेला गोष्ट पाठवायची आहे. लायब्ररीत कुणीतरी सांगितलं असणार, ओरिन हॉगनला विचारा, त्याने एकोणीस वर्षं पाठवली आहे. खरं आहे ते. एकतीस वर्षं मी काउंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवली. त्या गाडीतच डब्याचं झाकण मांडीवर घेऊन गोष्टी लिहायचो आणि दर डिसेंबरात शहरातल्या त्या त्रैमासिकाच्या स्पर्धेला पाठवायचो. नकाराची एकोणीस पत्रं त्या फडताळात बिस्किटांच्या डब्यात आहेत. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, "ओरिन, पालथ्या घड्यावर पाणी ओततोयस." मला एवढंच हवं होतं हो... माझं नाव एकदा छापून यावं. फार मोठं मागणं नाही ना ते?

तुम्ही मला शब्दमर्यादेचा नियम विचारताय. तो सोडा. चौथा आणि पाचवा नीट वाचा. चौथा म्हणतो, कथेच्या कुठल्याही पानावर लेखकाचं नाव नको. नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकायचा. परीक्षकाला कळू नये गोष्ट कुणाची, म्हणून. आणि पाचवा म्हणतो, स्पर्धा हयात लेखकांसाठीच आहे.

या दोन नियमांच्या फटीत माझा पाय अडकला. अजून निघालेला नाही.

आमची गुरुवारची मंडळी होती, लायब्ररीच्या तळघरात जमायची. डेल्फीन लायब्ररी सांभाळायची, तीच आमची म्होरकी. लेलंड लाकडाचे ट्रक हाकायचा, टिल्डाची बेकरी होती. मी. आणि आयली कांगस. आयली फिनलंडकडच्या घरातली, वृद्धाश्रमात नर्स होती, रिटायर झालेली. तिच्या तोंडात कायम ती फिनिश लोकांची काळी गोळी असायची, ज्येष्ठमधाची, खारट. ती गोळी तिच्या कवळीवर आपटायची, टक्... टक्... लेलंड म्हणायचा, "आयली, तू आलीस की घड्याळ लावायची गरज नाही बघ."

आमच्याकडे एक रीत होती, तशी बऱ्याच मंडळांत असते. ज्याची गोष्ट, त्याने बॉयलरजवळच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. गोष्ट दुसऱ्याने वाचायची. मग बाकीच्यांनी बोलायचं, जणू लेखक तिथे नाहीच. नावही घ्यायचं नाही, नुसतं 'लेखक'. कितीही झोंबलं तरी त्याने गप्प राहायचं. सगळ्यांचं झालं की डेल्फीन पेन्सिलीने कपावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "आता लेखकाने बोलावं." मी त्या खुर्चीत दर वेळी चुळबुळायचो. आयलीचं तसं नव्हतं. ती ओठांवर दोन बोटं ठेवून पुतळ्यासारखी बसायची. फक्त टक्... टक्...

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, तिला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तर तिने उशीखालून पाकीट काढलं.

"अकरा वर्षं लिहितेय ही," ती म्हणाली. "कुणाला दाखवली नाही अजून. स्पर्धेला पाठव. चिठ्ठी तेवढी तू लिही, माझा हात थरथरतो."

"तू बरी हो, मग स्वतःच लिही."

"नर्सला शिकवू नकोस. नाव नीट लिही हं, ओरिन. छापलेलं बघायचंय मला... एकदाच."

दोन दिवसांनी ती गेली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे तिचं कौतुक करत होते. मी घरी आलो आणि याच टेबलाशी बसून ती गोष्ट वाचली.

एका बाईचा नवरा तळ्याच्या बर्फावर मासे धरायला जातो आणि परत येत नाही. ती दर शनिवारी परसातलं वाफेचं न्हाणीघर त्याच्यासाठी तापवत राहते. एका शनिवारी तिला आतून तापल्या दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज येतो. ती दार उघडत नाही. टॉवेल मात्र दाराबाहेर ठेवते. सकाळी टॉवेल ओला असतो. बस्, एवढीच. पण मला तीनदा उठून दाराची कडी बघावी लागली.

मी चिठ्ठी पुढे ओढली. पेन उघडलं. आणि मला पाचवा नियम आठवला. आयली हयात नव्हती. तिचं नाव घातलं तर पाकीट थेट कचऱ्यात गेलं असतं. आणि पानांवर तर कुणाचंच नाव नव्हतं... मी स्वतःला म्हटलं, निदान गोष्ट तरी वाचली जाईल. ती सबब आहे हे मला तेव्हाच कळत होतं. निळ्या शाईने मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ओरिन हॉगन, बर्च रोड. तिने राखायला दिलं आणि कुंपणानेच शेत खाल्लं.

फेब्रुवारीत पत्र आलं. अंतिम फेरीच्या पाच गोष्टींत माझी होती. माझी म्हणतोय बघा, अजूनही! काही दुरुस्ती करायची असेल तर दोन आठवड्यांत कळवा, असं लिहिलं होतं. मी ते पत्र खिशात घेऊन बेकरीत गेलो आणि माझ्याच तोंडून निघून गेलं. टिल्डाने गावभर केलं. लेलंडचा फोन आला, "काय लेखकमहाशय! आमच्यापासून लपवून ठेवलीस होय? गुरुवारी घेऊन ये, सोडत नाही तुला."

नाही म्हणता आलं नाही.

त्या गुरुवारी चार वाजता तळघरात उतरलो तेव्हा बाहेर बर्फाची भुरभुर सुरू होती. आत बॉयलर घुमत होता. मी लेखकाच्या खुर्चीत बसलो. माझ्या मागे भिंतीला आयलीची लोखंडी खुर्ची घडी करून टेकवलेली होती. तिची हिरव्या लोकरीची उशी तिच्यावर तशीच बांधलेली. नोव्हेंबरापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

लेलंडने वाचायला घेतलं. तो एरवी ट्रक चालवल्यासारखा वाचतो, पण त्या दिवशी हळूहळू वाचत गेला. दुसऱ्या पानाला मला वास आला. ज्येष्ठमधाचा. त्यात ओल्या लोकरीचा. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं, आणि हात मांडीखाली दाबून बसलो.

न्हाणीघरात पाणी टाकल्याचा आवाज येतो, त्या ओळीला बॉयलर बंद पडला. शांत झालं सगळं. आणि माझ्या मानेमागे, हातभर अंतरावर...

टक्.

मी वळलो नाही. वळवेना. मान लाकडासारखी झाली होती. लेलंड वाचतच होता. टक्... टक्... आवाज घाईचा नव्हता. कुणीतरी स्वस्थ बसून ऐकत होतं.

गोष्ट संपली. टिल्डाने डोळे पुसले. मग रीतीप्रमाणे ती माणसं लेखकाबद्दल बोलू लागली. लेखकाने टॉवेलचं फार छान केलंय, दार न उघडणं बरोबर आहे, नवऱ्याचं नाव एकदा तरी यायला हवं होतं. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

डेल्फीनने कपावर पेन्सिल वाजवली.

"आता लेखकाने बोलावं."

मी तोंड उघडलं. त्या क्षणी खरं सांगून टाकणार होतो, देवाशप्पथ. पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. तिघांच्याही नजरा माझ्या खांद्यावरून मागे गेल्या होत्या, जरा वर, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत. टिल्डा मान हलवत होती. लेलंड मध्येच हसला आणि म्हणाला, "हां, ते मला सुचलंच नव्हतं." डेल्फीन वहीत लिहून घेत होती. समोरचं माणूस बोलत असताना आपण ऐकतो ना, अगदी तसे ते ऐकत होते. मला त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता. फक्त टक्... टक्... आणि मध्ये थोडी थांबण्याची जागा, कुणी श्वास घ्यावा तशी.

चार-पाच मिनिटं तरी हे चाललं असेल. मग डेल्फीनने वही मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"ओरिन, तू एकटाच काही बोलला नाहीस. तुला कशी वाटली?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली आहे म्हणे!" लेलंड म्हणाला. "अरे, जळतोस की काय म्हाताऱ्या?"

उठताना मी मागे बघितलं. लोखंडी खुर्ची उघडून नीट मांडलेली होती. हिरवी उशी मधोमध दबलेली.

बाकीचे वर गेले. डेल्फीन तळघराला कुलूप लावत होती. ती सहज म्हणाली, "आयली आज थकलेली वाटली नाही तुला?"

"डेल्फीन," मी म्हटलं, "आयली नोव्हेंबरात गेली. आपण सगळे होतो दफनाला."

तिची किल्ली कुलपातच थांबली. जिन्यातल्या उजेडात तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हो... हो रे. मी असं काय बोलले?" मग अगदी हळू, "मग आत्ता... बोललं कोण?"

खरं सांगायची वेळ होती ती. मी नाही सांगितलं. म्हटलं, "दमली आहेस तू. घरी जा." त्यानंतर तळघर उघडलं नाही. मंडळ मोडलं. तिघांपैकी कुणी त्या दिवसाबद्दल अक्षर काढत नाही, पण रस्त्यात मी दिसलो की ते आधी माझ्या मागे बघतात आणि मग मला ओळख देतात.

इतकं होऊनही मी त्रैमासिकाला कळवलं नाही. भीती होती, पण हाव भीतीपेक्षा मोठी निघाली. लाज वाटते सांगायला. वाटायचं, एकदा नाव छापून येऊ दे, मग तिची कबर गाठून माफी मागीन.

एप्रिलमध्ये अंक आला. पहिलं बक्षीस त्याच गोष्टीला होतं. नावाच्या जागी छापलं होतं, आयली कांगस.

मी फोन केला. पलीकडे एक मुलगी होती, गोड बोलत होती. "चिठ्ठी समोरच आहे माझ्या," ती म्हणाली. "निळी शाई, स्वच्छ अक्षर. आयली कांगस, बर्च रोड."

"पण ती हयात नाही..."

"असं कसं होईल, काका? पाचवा नियमच आहे आमचा. आणि लेखक-परिचय त्यांनी स्वतः फोनवर सांगितला ना मला. गोड आहेत आजी. फक्त लाइनवर काहीतरी टकटक होत होती."

तो अंक बघा, तुमच्या कोपराजवळच आहे. शेवटचं पान काढा. कंदील जवळ घ्या. 'आयली कांगस या निवृत्त नर्स आहेत. ही त्यांची पहिलीच प्रकाशित कथा. सध्या त्या बर्च रोडवर राहतात.'

बर्च रोडवर घर एकच आहे. तुम्ही बसला आहात ते.

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता इथे ज्येष्ठमधाचा वास येतो. मी काही लिहायला बसलो की टक्... टक्... सुरू होतं. आता मीच बोट ओठांवर ठेवून गप्प बसतो, वास जाईपर्यंत. दुसरं काही सुचत नाही. आज गुरुवार आहे हे तुम्ही दार वाजवलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी तुम्हाला आत घेतलं. कारण आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. वाटलं, एका माणसासमोर मोठ्याने सगळं कबूल केलं की ती मला सोडेल. तर आता ऐका, स्पष्ट सांगतो. गोष्ट तिची होती. मी चोरली. मी, ओरिन हॉगनने.

तुमची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहा, एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

ऐकताय ना? मघापासून तुम्ही मान हलवताय, म्हणजे ऐकताय. मध्ये एकदा हसलातही... मी हसण्यासारखं काही बोललो नव्हतो. आणि वहीत काय लिहून घेताय?

अहो... इकडे बघा ना.

मी इकडे बसलोय.