विहिरीतली किल्ली

"अक्का, माझा खेळ चोरला," भवानी म्हणाली आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली, जणू आता तीही कोणी नेईल.

मद्रासचं चेन्नई होऊन वर्ष झालं होतं, पण कुमुदिनीबाईंच्या दारावरची 'खाजगी तपास, मद्रास' ही पाटी तशीच होती. शेजारी बसलेला त्यांचा दीर विद्याधर बँकेतला. माणूस दिसला की त्याचं जमा-नावे मांडायची खोड. भवानीच्या जमेला त्याने तंजावूरचं घराणं आणि पक्कं गणित धरलं. नावे टाकला कॉम्प्युटरवरचा खेळ.

खेळाचं नाव 'खारं पाणी'. समुद्राकाठच्या अंधाऱ्या बंगल्यात हिंडायचं, माउसने वस्तू टिपायच्या, मेलेल्या मालकाचं गुपित काढायचं. भवानीने तो कौतुकाने आपल्या क्लासचे मालक रत्नाकर यांना दाखवला, फ्लॉपीही दिल्या. आता तेच रत्नाकर तो खेळ स्वतःचा म्हणून बंगळूरच्या कंपनीला विकत होते. कराराची सही उद्या होती.

"काय हवं तुला?"

"खेळाच्या डब्यावर माझं नाव. दुसरं कायपण नको."

भवानीच्या घरचा मॉनिटर जुन्या बाजारातला. उजेड कमी-जास्त करायचं बटण तुटून पुऱ्या उजेडावर अडकलेलं. चित्र शंभरदा धुतलेल्या धोतरासारखं फिकं. विद्याधर घटकाभर म्हणून खेळायला बसला तो उठेना. खेळातल्या माडीचं दार करकरलं तसा तो मागे वळून बघू लागला.

"शहाळ्यात मेणबत्ती लावून दार कसं गं उघडतं? काही अक्कल?"

"हे खेळ तसेच असतात, मामा. शिव्या देतात, पण उठत नाहीत."

"विहिरीच्या चिरेत किल्ली दिसते का, भाऊजी?" कुमुदिनीबाईंनी मागून विचारलं.

"समोर तर आहे, वहिनी." त्याने ती टिपली.

रत्नाकरांच्या खोलीत एसी होता आणि नवाकोरा मॉनिटर. त्यावरचा बंगला डांबरासारखा काळा.

"एकूणएक चित्र याच पडद्यावर काढलंय," ते म्हणाले. "ती मुलगी नुसतं टायपिंग करायची."

"खेळात काही दोष?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"एकही नाही."

काचेच्या कोपऱ्याजवळ एक बारीक मरून रंगाची टिकली चिकटली होती. विद्याधर हसला. "तुमच्याकडच्या बायका यालाच आरसा समजतात वाटतं. आमच्या न्हाणीघरातला आरसा असाच टिकल्यांनी भरलाय."

"काय सांगणार त्यांना," रत्नाकरही हसले.

कुमुदिनीबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विद्याधरने भवानीचा मॉनिटर रिक्षातून आणला आणि छातीशी धरून रत्नाकरांच्या क्लासचे दोन जिने चढवला. ओझं कशाला, हे वहिनींनी सांगितलं नव्हतं. बंगळूरच्या कंपनीचे कृष्णकांत पेन काढून बसले होते.

"एकच विनंती," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि नखाने टिकली काढून घेतली. "रत्नाकरसाहेब, विहिरीतली किल्ली काढून दाखवा."

रत्नाकर टिपत राहिले. इथे, तिथे, वर, खाली. काळोखातून काही हाती लागेना.

मग कुमुदिनीबाईंनी वायर काढून तोच कॉम्प्युटर जुन्या मॉनिटरला जोडला. विहिरीच्या चिरेत किल्ली स्वच्छ दिसली.

"डोळ्यांनी बघून काढलेलं चित्र काढणाऱ्याला दिसलंच पाहिजे. तुम्ही म्हणता, याच पडद्यावर काढलं. या पडद्यावर किल्ली नाहीच, नुसता काळोख. हिच्या घरी बटण तुटलेलं, काळा रंगही राखाडी दिसतो, म्हणून हिने किल्ली एवढी गडद रंगवली. तुम्हाला मात्र खेळ दाखवायचा होता आणि किल्ली दिसत नव्हती. एकदा कुठेतरी टिपताना सापडली असेल, ती जागा टिकली लावून पक्की केलीत."

"टिकली बायकांची आहे, सांगितलं ना."

"मग ती काढल्यावर तुमचा हात का चुकला?"

रत्नाकरांनी माउस बाजूला सारला.

"भाऊजींनी आरशाची आठवण काढली नसती," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तर यांना थाप सुचलीही नसती."

विद्याधरने ती थाप स्वतःच्या नावे टाकली.

कृष्णकांतांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे लोकांच्या घरी ही किल्ली दिसणारच नाही. खेळणारे आम्हाला शिव्या देतील. एवढी मोठी चूक कुणाची?"

भवानी उठून उभी राहिली. पदर सावरला, मान वर केली.

"माझी," ती म्हणाली. "किल्ली माझी, काळोखपण माझा. सांजेपर्यंत उजळून देते."

कृष्णकांतांनी कराराचा कागद तिच्यापुढे सरकवला. विद्याधरने ती चूक तिच्या जमेला धरली.