शेलूबाजारची नीलांबरी

शिडी हलायची थांबली, तेव्हा तनुजाला आधी वाटलं वारा पडला.

माघातला वारा सकाळपासून हायवेवरून सुसाट येत होता. बियाण्याच्या दुकानाच्या भिंतीवर 'भरघोस' लिहिताना तिला 'घ' पुसून पुन्हा काढावा लागला होता. आता मात्र ब्रश कसा सरळ चालला. तिनं 'उत्पन्न'ही लिहून टाकलं, पुढे उद्गारचिन्ह ठोकलं आणि मग खाली पाहिलं. एक उंचापुरा पोरगा दोन्ही हातांनी शिडी धरून, मान खाली घालून उभा होता.

"कोन हो तुमी?"

"लिहा तुमी. मले घाई नाई."

"मंग मान काहून खाली घातली?"

"वरतून रंग गळून राह्यला."

असं म्हणून त्यानं नेमकं वर पाहिलं. टपकन एक पिवळा थेंब त्याच्या कपाळावर पडला आणि नाकापर्यंत ओघळला. थेट हळद लागल्यासारखा. तनुजा खळखळून हसली, आणि मग आपण कशाला हसलो ते कळून तिनं जीभ चावली.

"जहाज काढता येते तुमाले?" कपाळ पुसत त्यानं विचारलं.

"ट्रॅक्टर येते. बैलजोडी येते, कोंबडी येते. जहाज काढाले कोनी सांगतलंच नाई अजून. कायले पाह्यजे जहाज, शेलूबाजारात?"

"दिलावर चाचासाठी," तो म्हणाला.

दिलावर चाचा तिला ठाऊक होता. सगळ्या गावालाच ठाऊक होता. त्याच्या बेकरीचे टोस्ट खाऊनच ती मोठी झाली होती. बेकरीचं नाव 'नीलांबरी' का, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. ते या पोरानं सांगितलं. त्याचं नाव आदर्श. घर धनजला, पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या इथं जगदेवमामाकडे गेलेल्या. तेव्हा चाचा भट्टीजवळ बसून त्याला नीलांबरीच्या गोष्टी सांगायचा. मुंबईहून मोंबासाला आणि हजच्या दिवसांत जेद्दाला जाणारं मोठं प्रवासी जहाज. चाचा तिच्या मुदपाकखान्यात पाव भाजायचा. अर्धी उमर त्यानं तिच्यावर काढली. मग जहाज म्हातारं झालं, गुजरातच्या किनाऱ्यावर नेऊन तोडलं, आणि चाचा गावी परतला. त्या गोष्टी ऐकून ऐकूनच आदर्शही दर्यावर गेला. आता तो मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता आणि सुट्टीवर आला होता.

"चाचाले काचबिंदू झाला," तो म्हणाला. "नजर कडेकडेनं मिटत चालली. अकोल्याचे डॉक्टर म्हनतात, जाईल ते काही वापस येत नाई. बेकरीसमोर मामाच्या गोदामाची लांब भिंत हाय ना... तिच्यावर नीलांबरी पाह्यजे. त्याले दिसते तोवर."

तनुजानं ब्रश डब्यात बुडवला. "मी समुद्र पाह्यला नाई हो. अडाणचं धरण पाह्यलं."

"मी पाह्यला ना," आदर्श म्हणाला. "मी सांगतो."

आणि तो सांगू लागला. रोज सकाळी भिंतीजवळ यायचा, रंगाचे डबे ढवळायचा आणि सांगायचा. जहाजाचा आकार त्याच्या मोबाइलमधल्या एका धुरकट काळ्यापांढऱ्या फोटोतून घेतला. रंग मात्र चाचाच्या जिभेवर होते. समोरच्या बाकावर बसून तो ओरडायचा, "सफेद नाही बेटी, मलई! दूध आटवल्यावर येते तशी! आन् धुराडं पिवळं, पक्क्या आंब्यासारखं!"

लाटा काही केल्या जमेनात. तनुजाच्या लाटा धरणातल्या पाण्यासारख्या गुपचूप पडून राहायच्या. शेवटी आदर्श वैतागला आणि तिला तिच्याच मळ्यामागच्या गव्हाच्या वावरात घेऊन गेला. गहू कमरेएवढा झाला होता. वारा आला आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सगळं वावर लवलवत गेलं.

"हे पाय. असा हालते समुद्र. लाट पुढं जाते, पन पानी जागच्या जागी राह्यते... या ओंबीसारखं."

तनुजा बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे जानारं सगळंच काही जात नाई... नाई का?"

 तिच्या केसांत अडकलेलं गव्हाचं कुसळ काढायला आदर्शचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला – आणि तिनं स्वतःच ते काढून टाकलं. त्या दिवशीच्या लाटा मात्र हलल्या.

जहाजाचं अंग रंगवून झालं त्या दुपारी अवकाळी आला. आभाळ भरून येईतो टपोरे थेंब सुरू झाले. रंग ओला. आदर्श धावत जाऊन गोदामातली ताडपत्री घेऊन आला. एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं हात वर करून स्वतःच धरलं. तनुजा उपड्या डब्यावर चढून मधला भाग सावरू लागली. ताडपत्रीच्या आत निळसर अंधार झाला. डोक्यावर पाऊस ताशा बडवत होता. रंगाचा, ओल्या मातीचा आणि समोरच्या भट्टीतल्या टोस्टचा वास एकमेकांत मिसळला होता.

"हात दुखत असतीन तुमचे."

"दुखून राह्यले."

"मंग सोडा ना."

"सोडलं तं जहाज वाहून जाईन."

"आनि?"

"आनि तू डब्यावरून उतरून घरी जाशीन."

त्यानं 'तू' म्हटलं होतं. तनुजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. डबा डगमगला, तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि पाऊस थांबेपर्यंत तिथून उचलला गेला नाही.

पाऊस थांबला तेव्हा ताडपत्रीच्या बाहेर पोत्याची खोळ घेतलेली आवडाबाई उभी होती. तनुजाची माय. बाजारातून मेथी-कोथिंबिरीची टोपली घेऊन परतत होती.  बोलली ती घरी, चुलीपुढं.

"कारंज्याचं स्थळ आलं हाय. कापडाचं दुकान हाय त्यायचं. रोज दिवे लागले का घरी येनारा मानूस."

तनुजा भाकरी थापत राहिली.

"जहाजावरचा मानूस म्हंजे ना सनाले ना सुतकाले. लेकरू आजारी पडलं तरी तुलेच धावनं हाय. मी वाईट नाई सांगून राह्यली पोरी..."

माय खरंच वाईट सांगत नव्हती, हेच तनुजाला सलत होतं.

होळीच्या आधी जहाज पुरं झालं. चाचा आदर्शचा हात धरून रस्ता ओलांडून आला. नाक भिंतीला लागेल इतका जवळ गेला आणि तुकड्यातुकड्यानं नीलांबरी पाहत टोकापासून टोकापर्यंत चालला.  शेवटी तो वळला.

"सगळं बराबर हाय. पन बेटी, ही तोडायले नेलेली नीलांबरी हाय. मानूसच नाही तिच्यावर."

मग काय! गावाला कळायचा अवकाश. जो तो जहाजावर जागा मागायला आला. जीपवाल्याला कप्तानाच्या बाजूची जागा हवी होती, गुरुजींना सावलीतली. रुपाबाईनं तर शेळीसकट जागा मागितली आणि मिळवली. तनुजा दिवसभर डेकवर माणसं उभी करत होती. आदर्श खालून एकेकाला हाळी द्यायचा, "चला, मोंबासा, मोंबासा!" आणि सगळी हसायची.

गर्दी पांगली तेव्हा चाचानं तिला जवळ बोलावलं.

"एक जागा माह्यी बी. कठड्यापाशी. अमीनाबीले उभं कर."

अमीनाबी त्याची बायको. तनुजाच्या जन्माआधीच ती वारली होती. साल साल चाचा दर्यावर, ती इथं. एकदाच ती नीलांबरीवर चढली, हजला जाताना. तेवढी एक खेप दोघं एका छताखाली... म्हणजे एका धुराड्याखाली राहिली. पहाटे पावाची पहिली भट्टी निघाली की चाचा डेकवर यायचा. ती कठड्याला धरून उभी असायची.

"फोटो हाय का चाचा?"

"नाही. कवा काढलाच नाही."

"नाक कसं होतं?"

"नाक..." चाचा गोंधळला. "नाकाकडे ध्यान कोन देते बेटी? हसली का डोळे मिटून जायचे तिचे. ओढनी हिरवी. हवेनं उडून माह्या तोंडावर यायची."

तनुजानं मिटल्या डोळ्यांनी हसणारी बाई काढली. ओढणी लांब, उडती, थेट आंबेरंगी धुराड्यापर्यंत. चाचानं भिंतीला कपाळ टेकेल इतक्या जवळून पाहिलं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मग त्या मलईरंगावर हात ठेवून म्हणाला, "हां... हीच."

आदर्श तोंड फिरवून डबे गोळा करू लागला. गोळा करण्यासारखं काही नव्हतं.

"चाचा," तनुजानं विचारलं, "चाचीनं कसं काढलं हो एवढं? वाट पाहन्यात?"

चाचा हसला. "म्या बी विचारलं व्हतं. म्हने, तुमी घरी असता तवा भांडन होते. नसता तवा भांडन बी नाही, आन् तुमी बी घरातून जात नाही." मग हळूच म्हणाला, "सोपं नव्हतं बेटी. रडायची. पन दुसऱ्या कोनासाठी रडली नसती."

आदर्शला बोलावणं आलं. पिशवी खांद्याला लावून तो निघायच्या सकाळी भिंतीजवळ आला. तनुजा भिंतीच्या अगदी शेवटी, जहाजापासून दूर, बंदराचा धक्का रंगवत होती. धक्क्यावर एकच पोरगी उभी होती. हातात ब्रश.

"सारा गाव चढवला जहाजावर," तो म्हणाला. "मी कुठी हाय?"

"तुले नाई काढलं."

"काहून?"

"जहाजावर तं तू जाऊनच राह्यला." तिनं ब्रश खाली ठेवला. "मले तू अठी पाह्यजे. धक्क्यावर."

 आदर्शनं पिशवी खाली ठेवली आणि त्या रंगवलेल्या पोरीच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"काढ मंग."

"आता नाई." तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "आलास का काढीन. तोवर जागा मोकळी ठेवते."

"तनुजा... कारंज्यावाले?"

"माय जाने. मी तं नाई म्हनून सांगतलं."

बसचा हॉर्न वाजला. त्यानं फक्त तिच्या बोटावरचा निळा रंग आपल्या अंगठ्यावर पुसून घेतला आणि पळत सुटला. बस वळून दिसेनाशी झाली. तरी ती हायवेकडे पाहत राहिली... कितीतरी वेळ. गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि प्रत्येक जाणाऱ्या गाडीबरोबर छातीतलं काहीतरी जाऊन पुन्हा जागच्या जागी येत होतं.

बाजाराच्या दिवशी आवडाबाई टोपली डोक्यावर घेऊन भिंतीसमोर थांबली. तिनं जहाजावरची माणसं पाहिली, रुपाबाईची शेळी पाहिली, हसणारी अमीनाबी पाहिली. चालत चालत ती धक्क्यापाशी आली. तिथं तिची लेक होती, आणि लेकीच्या बाजूला कोऱ्या चुन्याचा पट्टा.

"हे कोनासाठी सोडलं?"

तनुजा ब्रश पुसत राहिली.

आवडाबाईनं टोपली उतरवली. कोऱ्या जागेवर तळहात टेकवला, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. बराच वेळ ती मनाशी काही जुळवत होती. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली,

"थो पोरगा उंच हाय. एवढीशी जागा पुरनार नाई त्याले. वाढव जराशी."