तलवार काढायची नाही

मिलवॉकीत एमेटशी माझी ओळख झाली ती भांडणातून. वांडाबाईंच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी फासे टाकत, एकेक पात्र होऊन मोहिमा लढायचा खेळ चालायचा; तिथे मी पहिल्यांदाच खेळायला आले होते, आणि शेजारी बसलेल्या या उंच मुलानं माझे घरंगळलेले फासे उचलून दिले. दुसऱ्याच्या फाशांना हात लावायचा नसतो, नशीब पळतं. मी झापलं. तो हसला... आणि मी कामातून गेले.

खेळात तो वैद्य होता, मी तलवारबाज. पुढे मी तलवार म्यान करून जादू शिकायला घेतली. खेळ वांडाबाई चालवायच्या आणि त्यांचा नियम कडक होता – पेशा बदलला की नव्यात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुन्या कसबाला हात लावायचा नाही. लावला, तर त्या मोहिमेत कागदावर जमलेली गुणांची सगळी कमाई गेली. पुढे गेलं की मात्र दोन्ही आपलीच.

“मी मेलो तरी तू तलवार काढायची नाहीस हं,” एमेट चिडवायचा.

“तुझ्यासाठी कोण काढतंय?” मी म्हणायचे. तोंड लपवायला पुढ्यातलं तळलेलं चीज बरं पडायचं.

हिवाळाभर चाललेल्या मोहिमेची त्या शनिवारी शेवटची लढाई होती. ती पार पडली की तलवार आणि जादू दोन्ही माझ्या होणार होत्या. पण माझं लक्ष कुठे होतं? एमेटला दूर उत्तरेला डुलूथ शहरात नोकरी लागली, सोमवारी निघतोय, हे मला दारातच वांडाबाईंकडून कळलं होतं. त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. राग आला होता, आणि भीतीही वाटत होती.

त्यात त्याचा वैद्य ढाल टाकून राक्षसासमोर उभा राहिला. एका घावात गुडघ्यावर आला. माझे मंत्र संपले होते.

“पळ ना,” मी म्हणाले.

“नाही पळत.”

“का?”

तो टेबलाकडे बघत राहिला. “खेळात मेलो की टेबलावरून उठून जाता येतं, नोरीन. तुझा निरोप घ्यायला... मला जमत नाहीये.”

मी मंत्रांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “वांडाबाई, मी तलवार काढते.”

“सगळा हिवाळा पाण्यात जाईल, पोरी.”

“जाऊ दे.”

मी इतक्या जोरात फेकले की माझे फासे टेबलावरून उडून हीटरमागे गेले. एमेटनं आपले फासे माझ्यापुढे सरकवले.

“हात लावू?” मी विचारलं.

“लाव.”

मी टाकले. राक्षस पडला. वांडाबाईंनी माझी कमाई खोडरबरानं पुसली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

“तू मला आवडतोस,” मी म्हणाले. “आता जायचं तर माझ्याकडे बघून जा.”

त्यानं बघितलं. “झापलंस ना, तेव्हापासून आवडतेस.” कोटाची बटणं तो फारच सावकाश लावत होता. “डुलूथहून यायचं म्हणजे बसमध्ये दिवस मोडतो.”

“मोडू दे.”

तो दारापर्यंत गेला. बाहेर बर्फ पडत होता. त्याचे फासे माझ्यासमोर तसेच पडले होते.

“एमेट, फासे राहिले.”

“राहू देत, शनिवारी लागतील,” तो म्हणाला. “आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.”