टोकं जिन्याकडे

आवाज हळू ठेवा. आत तुमची आजी नुकती झोपलीय, आणि ही गोष्ट तिच्या कानावर कधी गेलेली नाही. तुमच्या आईच्याही नाही. भावोजींनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, ती फक्त मला सांगितली होती. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. दिसेल तेवढंच खरं मानायचा.

फेब्रुवारीतला गुरुवार. ताईला, तुमच्या आजीला, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. रात्री नातेवाइकांना आत थांबू देत नसत. नर्सने ताईच्या चपला पिशवीत घालून भावोजींच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "जवळपासच राहा. फोन चालू ठेवा."

भावोजी जागा शोधत निघाले. शहरात कसलंसं मोठं प्रदर्शन होतं, एकूण एक लॉज भरलेला. शेवटी ते हॉस्पिटलसमोरच्या त्या जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात शिरले. संगमरवरी जिने, माणसाएवढी झुंबरं. एरवी तिथल्या दरवानाकडे बघायलाही बिचकले असते, पण गरजवंताला अक्कल नसते.

काउंटरवरचा म्हातारा कारकून चष्म्याची निखळलेली काडी हाताने धरून बसला होता. भावोजींनी खिशातला बारका पेचकस काढला आणि स्क्रू घट्ट करून दिला. म्हातारा खूश झाला.

"जुन्या बाजूला एक खोली आहे, शेहेचाळीस नंबर," तो म्हणाला. "सहसा देत नाही आम्ही. एवढंच करा, बूट आत ठेवा."

"का हो?"

"पूर्वी पाहुणे रात्री बूट दाराबाहेर ठेवायचे. आमचा बूटवाला तळाला खडूने खोलीचा नंबर घालायचा आणि रात्रभर बसून पॉलिश करायचा. राहणाऱ्याच्या बुटांची टोकं दाराकडे. सकाळी निघणाऱ्याची जिन्याकडे. म्हणजे कुणाचे आधी करायचे ते कळायचं."

"आणि आता?"

"आता कुठला बूटवाला? वारला कधीच." म्हाताऱ्याने चष्मा नीट बसवला. "तरी आत ठेवा."

पण भावोजींचं लक्ष थाऱ्यावर होतं कुठे! जन्माची सवय. खोलीच्या दाराशी पोचले आणि बूट बाहेरच काढले. डाव्या बुटाची उसवलेली शिवण ताईने निळ्या दोऱ्याने घातली होती, तिकडे जरा वेळ बघत राहिले. मग पिशवीतून तिच्या चपला काढून शेजारी ठेवल्या, घरी ठेवायचे तशाच. सगळ्यांची टोकं दाराकडे.

आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले, फोन मांडीवर. छत इतकं उंच की दिव्याचा उजेड वर पोचत नव्हता.

मध्यरात्र उलटून गेली. बाहेर आवाज आला.

खस... खस... खस.

ब्रशचा.

त्यांनी दार उघडलं. लांबलचक गालिचा, दोन्हीकडे बंद दारं. कुणी नाही. खाली पाहिलं. बूट आरशासारखे चकाकत होते, टोकं दाराकडे. ताईच्या चपलाही पुसलेल्या. पण त्यांची टोकं... जिन्याकडे.

भावोजींनी चपला वळवल्या, दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभे राहिले.

खस... खस.

उघडलं. चपला पुन्हा जिन्याकडे.

तुम्ही म्हणाल, उचलून आत का नाही घेतल्या? गेले ना उचलायला. हलेनात. साध्या पट्ट्याच्या चपला, पण खिळे ठोकल्यासारख्या.

फोन वाजला. नर्स होती. "प्रेशर उतरतंय. लगेच या."

जिना समोर होता. पण चपला तशा सोडून पाय निघेना. भावोजी तिथेच गुडघ्यांवर बसले आणि त्या चपला दोन्ही हातांनी ओढत राहिले. अरे, साखरेचा डबा कुठे आहे ते विचारायला हा माणूस घरातल्या घरात हाका मारायचा. तिच्याशिवाय जगायचं कसं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नखं रक्ताळली. चपला तसूभर सरकल्या नाहीत.

मग त्यांनी स्वतःचे बूट धरले. ते हलले. सहज हलले.

टोकं जिन्याकडे केली.

"मला ने," ते रिकाम्या गालिच्याला म्हणाले. "तिला राहू दे."

तेवढ्यात शेजाऱ्यांकडे ठेवलेली धाकटी आठवली. तुमची आई. दुसरीत होती.

"फक्त... धाकटी पायावर उभी राहीपर्यंत थांब. पाया पडतो."

मग अगदी कानाशी, अदबीने,

"बरं, साहेब."

दिवे गेले. कातड्यावर खडू ओढल्याचा आवाज... दिवे आले.

चपला दाराकडे वळलेल्या. बूट नव्हते.

भावोजी ताईच्या चपला छातीशी धरून अनवाणी धावले. खाली कारकुनाने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. आत्ता, एवढ्यात सावरल्या." सकाळचं ऑपरेशनही नीट पार पडलं.

त्याच दुपारी बाकावर बसून भावोजींनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, जागरणाने डोळे थकलेत तुमचे. तर म्हणतात कसे, "डोळ्यांचं तू मला सांगणार?"

पुढे ताई हिंडूफिरू लागली. धाकटी शिकत गेली. ती पास झाली की भावोजी गल्लीभर सांगत सुटायचे, आणि रात्री एकटेच दाराशी बसायचे. पदवी झाली तर म्हणाले, अजून थोडं शीक. तेही झालं, तरी म्हणाले, अजून एक काहीतरी कर. ती हसायची. "किती शिकू, बाबा? म्हातारी होईन."

तिची नोकरी सुरू व्हायची होती, त्याच्या आदल्या रात्री मी त्यांच्याकडेच होतो. जेवताना ती अभिमानाने म्हणाली, "बाबा, आता मी माझ्या पायावर उभी राहिले."

भावोजींचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास." त्या रात्री कितीतरी वेळ ताईला झोपू दिलं नाही, जुन्या गोष्टी काढून हसवत बसले.

झोपेतच गेले.

आता कळलं, तुमच्या आईला का सांगायचं नाही ते? एक साधं वाक्य बोलली पोर.

पहाटे डॉक्टरला बोलवायला मीच दार उघडलं. उंबऱ्याबाहेर बूट होते. टोकं रस्त्याकडे. डाव्याला निळ्या दोऱ्याची शिवण. उलटे करून पाहिले... तळाला खडूने शेहेचाळीस.

मी ते उचलून आत आणले तेव्हा माझी बोटं काळी झाली. पॉलिश अजून ओलं होतं.